बाबांची साठी, 1994 ची पोर्ट आणि इंदूरचा उन्हाळा : छोट्या वाइन कॅबिनेटचा वापरानंतरचा अनुभव

कंप्रेसरवर चालणारं, बाटल्या आडव्या ठेवायचं छोटं वाइन कॅबिनेट मी बाबांच्या साठीसाठी घेतलं. फेब्रुवारीत ते घरात आलं, साठी नोव्हेंबरात झाली, आणि आता त्याने एक अख्खा इंदुरी उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा काढला आहे. मोठ्या वाढदिवसासाठी विंटेज पोर्ट, म्हणजे पोर्तुगालची एकाच सालाची गोड वाइन, आणायचा बेत असेल, तर बाटली मिळवणं हा त्यातला सोपा भाग आहे. ती आणल्यापासून ग्लासात ओतेपर्यंतचे महिने नीट सांभाळले, तरच त्या बाटलीला अर्थ. माझा सगळा अनुभव या सांभाळण्याचाच आहे.

पोर्टच का, ते आधी सांगते. बाबा निवृत्तीनंतर आईबरोबर पोर्तुगालला जाऊन आले. पोर्तो शहरासमोर, नदीच्या पलीकडे व्हिला नोव्हा द गाया आहे. तिथल्या थंड, अंधाऱ्या कोठारांत त्यांनी लाकडी पिंपांच्या रांगा पाहिल्या आणि त्या विषयाने त्यांना धरलंच. दोरू नदीच्या खोऱ्याची सीमा 1756 साली सरकारने आखून दिली, आणि द्राक्षं अजूनही आखून दिलेल्या प्रदेशातूनच येतात, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. द्राक्षरस आंबत असताना मधेच त्यात 77 टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात. आंबणं थांबतं, द्राक्षांची साखर तशीच राहते आणि 19 ते 22 टक्के अल्कोहोलची गोड, दणकट वाइन तयार होते. यातली विंटेज म्हणजे एकाच वर्षाची, फक्त दोनेक वर्षं पिंपात राहिलेली आणि न गाळता बाटलीत भरलेली. पुढची वीस, तीस, पन्नास वर्षं ती बाटलीतच मुरते. म्हणून ती बाटली कुठे आणि किती तापमानात पडून होती, यावर सगळं ठरतं.

साल निवडायला बराच वेळ गेला. बाबांचा जन्म 1965 चा. पोर्ट बनवणारं प्रत्येक घराणं दरवर्षी विंटेज काढत नाही. पीक उत्तम आलं असं वाटलं तरच ते साल जाहीर करतात, साधारण दहा वर्षांत तीनदा. 1963 गाजलं, 1966 ही गाजलं, आणि मधलं 1965 सर्वसाधारणपणे जाहीरच झालं नाही. जन्मसालाचाच हट्ट असेल तर कोल्येइता शोधावी. तीही एकाच वर्षाचीच, पण टॉनी, म्हणजे पिंपात मुरून तपकिरी झालेली पोर्ट असते, निदान सात वर्षं मुरवलेली, आणि विंटेज नसलेल्या सालांच्याही कोल्येइता मिळतात. मी मात्र 1994 घेतलं. ते जवळपास सगळ्या मोठ्या घराण्यांनी जाहीर केलेलं साल, आणि बाबा त्याच वर्षी बाबा झाले. माझ्या मते जन्मसालापेक्षा हे साल त्यांचं जास्त होतं. घराणं ग्रॅहम्स, त्यांची पोर्ट गोडीकडे झुकते. डाउजची त्या मानाने कोरडी असते, आणि आमच्या घरात गोडाला कोणी नाही म्हणत नाही.

बाटल्या लंडनच्या मावसभावाने आणल्या. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोन बाटल्या सहज बसतात : एक ती विंटेज, दुसरी वीस वर्षांची टॉनी. जुन्या पोर्टच्या तळाशी जाड गाळ बसलेला असतो आणि विमानात, टॅक्सीत तो सगळा ढवळतो. त्याला परत बसायला काही आठवडे तरी हवेत. बाटली महिनोन् महिने आधी आणवली ती यासाठीच. आणि तेवढे महिने इंदुरात ठेवायची तर उन्हाळा मधे येणारच. मग कॅबिनेट घेण्यावाचून मार्ग उरला नाही.

राजेंद्र नगरात आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत दुपारभर तापते. मे महिन्यात बाहेर चाळिशीच्या वर पारा असतो, आणि रात्री अकरालाही आतल्या खोल्या निवत नाहीत. वाइन बारा ते पंधरा अंशांत, अंधारात, न हलवता ठेवायची असते. स्वयंपाकघरातला फ्रिज यासाठी चालत नाही. तो चार अंशांवर असतो, हवा कोरडी, दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, आणि आत कालची भाजीही असते. चार-सहा दिवस ठीक, पण महिनोन् महिने तिथे ठेवलं तर बूच सुकत जातं.

दुकानात सगळ्यात स्वस्त मिळतात ती पेल्टियरवाली, म्हणजे कंप्रेसर नसलेली कॅबिनेटं. आवाज नाही, हादरा नाही, दिसायलाही देखणी. पण ती खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीकच अंश खाली जाऊ शकतात. खोली पस्तिशीला पोचली की आतलं तापमान विशीच्या पुढे सरकतं, मग पॅनेलवर तुम्ही काहीही आकडा लावा. हिल स्टेशनवर चालतील. माळव्यात कंप्रेसरवालंच घ्या, यात मला जराही शंका नाही.

आता प्रत्यक्ष वापर. मी तेरा अंश लावून ठेवले आणि पॅनेलच्या आकड्यावर न विसंबता आत एक वेगळा थर्मामीटर आडवा टाकला. खालच्या खणात आकडा बरोबर जुळायचा, वरच्या खणात दीड-दोन अंश जास्त दाखवायचा. म्हणून पोर्ट अगदी खाली, लेबल वर करून आडवी. लेबल वर ठेवलं की गाळ कुठल्या बाजूला साठतोय ते नेमकं माहीत राहतं. जुन्या बाटल्यांवर याच कामासाठी चुन्याचा पांढरा फटका मारलेला असतो. मे-जूनमध्ये कंप्रेसर जवळजवळ सतत चालला, पण आतला आकडा पंधराच्या वर गेला नाही. दिवाणखान्यात ठेवाल तर आवाज ऐकू येतो, झोपायच्या खोलीत तर नकोच. आमचं पुस्तकांच्या खोलीत आहे, मागे वीतभर जागा सोडून. भिंतीला चिकटवलं तर गरम हवा बाहेर पडत नाही आणि मशीन उगाच राबतं.

स्टॅबिलायझर लावाच. पावसाळ्याच्या तोंडी वीज येते-जाते तेव्हा त्यानेच वाचवलं. एकदा संध्याकाळी बराच वेळ वीज नव्हती. दार उघडलं नाही, तापमान अगदी सावकाश चढलं आणि वीज आल्यावर परत खाली आलं. दमटपणासाठी आत पाण्याची छोटी वाटी ठेवली. मार्च ते जून तिची गरज पडते, पावसाळ्यात काढून टाकली. दाराच्या रबरावर मात्र ऑगस्टमध्ये काळी बुरशी धरली. ते ओल्या फडक्याने पुसून कोरडं करावं लागतं, आणि ही गोष्ट माहितीपुस्तिकेत कुठेच नाही. कंपनीच्या दुरुस्तीसेवेला फोन केला तर तिसऱ्या दिवशी माणूस आला आणि नवं रबर घ्या म्हणाला. घेतलं नाही, पुसून चाललं.

मधल्या काळात जेवणाचं ठरत होतं. पहिला बेत महेश्वरचा होता : नर्मदेकाठी, किल्ल्याच्या सावलीत चार-पाच वाढींचं सावकाश जेवण. पण 1 एप्रिल 2025 पासून महेश्वर, ओंकारेश्वर, उज्जैन धरून राज्यातल्या 19 धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद झाली. अहिल्यादेवींच्या गावात बाटली घेऊन जाणं बाबांना तसंही पटलं नसतं. मग घरीच करायचं ठरलं. आईने एक अट घातली : षष्ट्यब्दीच्या शांतीच्या दिवशी घरात बाटली उघडायची नाही. सकाळी होम, साठ दिव्यांनी औक्षण, दुपारी पुरणाचं जेवण, तो दिवस त्याचाच. पोर्टची संध्याकाळ पुढच्या शनिवारी, निवडक माणसांत. हा निर्णय फार चांगला ठरला. दोन्ही कार्यक्रमांना आपापली जागा मिळाली आणि कोणाचंच मन दुखावलं नाही. घरच्या पार्टीसाठी आबकारी विभागाचा एका दिवसाचा परवानाही काढून घेतला. पाहुणे बोलावून मद्य देणार असाल तर हे टाळू नका.

घरी येऊन रांधून देणारा एक तरुण शेफ मिळाला. त्याला मी एवढंच सांगितलं की जेवणाचा शेवट आधीच ठरलेला आहे, तू मागे मागे येत पहिल्या वाढीपर्यंत पोच. पोर्ट शेवटी येणार, म्हणजे तोपर्यंत जीभ थकलेली चालणार नाही. वीस टक्के अल्कोहोल तिखटावर पडलं की तोंड पेटतं, द्राक्ष लागतच नाही. म्हणून सुरुवातीला नोव्हेंबरातले गराडू, म्हणजे माळव्यातला कंद : छोटे, तुपात तळलेले, जीरावन हा इंदुरी मसाला अगदी नावाला आणि वर लिंबू, सोबत नाशिकची स्पार्कलिंग. मग भुट्ट्याच्या किसाची चव ठेवून केलेलं मक्याचं दाट सूप, वरून हिंग-मोहरीची फोडणी. पुढे मिरी-दालचिनीवर मंद शिजवलेलं मटण, शाकाहारी मंडळींना त्याच मसाल्यातली आळंबी आणि सोबत सगळ्यांना लिंबाएवढा एक बाफला, म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा. लाल मिरची कुठेच नाही. बाफला काकांना इतका आवडला की सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातसुद्धा, असा मिळत नाही म्हणाले, आणि इंदुरी माणसाकडून हे शब्द येणं सोपं नाही!

पोर्टबरोबर ब्लू चीज, काश्मिरी अक्रोड आणि सुकी अंजिरं. इंग्रजांची रीत स्टिल्टन चीजची आहे. भारतात बनणारं ब्लू चीज मिळालं, ते पुरेसं खारट आणि तिखट होतं. चीजचा खारटपणा आणि पोर्टची गोडी एकमेकांना असं धरतात की दोन्ही अधिक चांगली लागतात. गोडात कमी साखरेचा काळ्या चॉकलेटचा टार्ट. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन आंबट आणि फिकी लागते. म्हणून मावाबाटी, श्रीखंड, जलेबा यांतलं काहीही पोर्टसोबत ठेवू नका. आजी आणि आत्या घेत नाहीत. त्यांच्यासाठी काळ्या द्राक्षांच्या रसात कोकम घालून तेच ग्लास भरले, आणि पेला सगळ्यांनी एकदम उचलला.

बाटली उघडणं हा वेगळाच सोहळा. गुरुवारी संध्याकाळी तिला उभी केली, गाळ तळाशी जायला. पोर्टच्या बाटलीची मान मधे किंचित फुगीर असते. जुनं बूच तिथे फुगून बसतं आणि साध्या स्क्रूने ओढलं की तुटतं. काही लोक लालबुंद तापवलेल्या चिमट्याने मान धरतात आणि लगेच गार फडकं लावून काच सरळ तोडतात. मी दोन पात्यांचा ओपनर वापरला, जो बुचाच्या दोन्ही कडांनी आत सरकतो. सावकाश, फिरवत फिरवत. बूच अखंड निघालं आणि त्याचा आतला भाग गडद जांभळा आणि ओला होता. कॅबिनेटने आपलं काम केलं याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला नको.

डिकँटरमध्ये, म्हणजे गाळ मागे ठेवून वाइन ओतून घ्यायच्या काचेच्या भांड्यात, ओतताना भावाने मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरला. ओतायला सुरुवात केली की थांबायचं नाही, बाटली परत सरळ करायची नाही. शेवटी काळसर गाळाची रेघ मानेत आली तिथे हात थांबवला. तळाशी दोन बोटं राहिली, ती सोडून दिली. हे सगळं जेवायला बसायच्या दोनेक तास आधी. अगदी जुनी, 1960 च्या दशकातली असेल तर इतका वेळ उघडी ठेवू नये. 1994 ला तो लागतो. वाढायच्या आधी डिकँटर अर्धा तास कॅबिनेटमध्ये ठेवला, कारण पंख्याखालच्या खोलीत ती कोमट होते आणि अल्कोहोल नाकात जातं. सोळा-अठरा अंश बरोबर.

चव : आधी काळं मनुकं आणि सुकं अंजीर, मग मिरी, मग तंबाखूच्या पानासारखा काहीतरी खोल वास, आणि गिळल्यावर बराच वेळ रेंगाळणारी गोडी. तीस वर्षांनंतरही तिच्यात जोर होता. रिवाजाप्रमाणे डिकँटर डावीकडे फिरवला. पोर्टच्या छोट्या ग्लासांत एक बाटली दहा-बारा जणांना आरामात पुरते. याहून मोठी मंडळी असतील तर विंटेज नका घेऊ, प्रत्येकाच्या वाट्याला चमचाभर येईल. बाबांनी आपला ग्लास शेवटपर्यंत संपू दिला नाही. मधेच मला म्हणाले, "ही तुझ्याच वयाची ना गं? तुझ्यापेक्षा शांत झालीये." आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

उघडलेली विंटेज दोन दिवसांत संपवा, नंतर ती पडत जाते. टॉनीला घाई नाही. बूच लावून थंडीत ठेवली तर काही आठवडे छान राहते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा : वाढदिवस महिना-दीड महिन्यावर असेल, किंवा फ्लॅटमध्ये कॅबिनेटला जागा नसेल, तर वीस वर्षांची टॉनी किंवा कोल्येइता घ्या. ती गाळून भरलेली असते, डिकँटर लागत नाही, आणि थंड करून दिली की तितकाच आनंद देते. विंटेज आधीपासून तयारी करणाऱ्यांसाठी आहे.

कॅबिनेट आता रिकामं नाही. पुतणी 2017 ची, आणि 2016 पाठोपाठ 2017 ही मोठ्या घराण्यांनी जाहीर केलं, जे फार क्वचित घडतं. मावसभाऊ पुढच्या फेरीत तिच्या सालाची एक बाटली आणतो आहे. मध्य प्रदेशात मद्याची वयोमर्यादा 21, म्हणजे ती 2038 ला उघडेल. हे मशीन तितकी वर्षं चालणार नाही हे मी धरूनच चालले आहे, मधे एकदा बदलावं लागेल. घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला तीन गोष्टी विचारा : कंप्रेसर आहे का, त्याची हमी किती वर्षं, आणि दाराचं रबर सुटं मिळतं का. तिसऱ्याचं उत्तर मला दुकानात कोणीच नीट दिलं नव्हतं, तुम्ही मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.