चकाकी आली, हवा गेली

माझी स्विफ्ट सेकंड हँड. आधीच्या मालकाने अलॉय चाकांना काळा रंग मारला होता आणि फुटपाथला घासून तो कडेकडेने सोलला होता. रंग काढून खालचं अ‍ॅल्युमिनिअम आरशासारखं पॉलिश करून घ्यायचं हे खूळ व्हिडिओ बघून मीच डोक्यात घेतलं. कोल्हापूरचा माणूस, हुपरीच्या पैंजणासारखी चमक हवी होती.

हायवेलगत एक दुकान सापडलं. दारात नमुन्याची रिम टांगलेली, तिच्यात तोंड दिसायचं. मालक गोडबोल्या. "दादा, केमिकलने रंग काढायचा, मग २२० नंबरपासून २००० पर्यंत वॉटर पेपरने घासायचं, मग बफिंग, वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर. वर्षभर बघायला नको." एका रिमचे साडेतीन हजार, चारचे १४,०००. आठ हजार आधी, यूपीआयने. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल घेतलंत तर १८ टक्के वर जातील, बघा तुम्ही." मी बघितलं आणि गप्प बसलो.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गाडी तयार. इथेच शंका यायला हवी होती. स्पोकच्या बेचक्यात बोट घालून, कागद बदलत बदलत एक रिम हाताने घासायची म्हटलं तरी दिवस जातो. इथे काम करणारा पोरगा एकच आणि रिम चार. पण मी चमकेवर खूश. त्या पोराला वर शंभराची नोट दिली. नोट घेताना त्याच्या बोटांची सालं निघालेली दिसली. ऑइल-ग्रीसमुळे असेल म्हणून सोडून दिलं.

पाचव्या दिवशी पुढचं डावं चाक बसलं. ३२ ची हवा भरली, दोन दिवसांत २० वर. पंक्चरवाल्याने टायर फिरवून फिरवून बघितला, खिळा नाही, काही नाही. मग चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं, तर बुडबुडे टायरमधून नाहीत, रिमच्या कडेने गोल सगळीकडून. "साहेब, टायर चांगलाय. तुमची रिमच श्वास घ्यायलीय."

टायर उतरवला. जिथे टायरची कड रिमला घट्ट बसते ती जागा गुळगुळीत हवी, तिथे बोट फिरवलं तर कानशीवर फिरवल्यासारखं लागलं. काळपट, बारीक बारीक खड्डे. पंक्चरवाल्याने चिंधीवर थिनर घेऊन स्पोक पुसला आणि चिंधी चंदेरी झाली. माझं पॉलिश त्या चिंधीवर आलं होतं.

मामांची उमर शिरोली एमआयडीसीत गेली. त्यांनी रिम उलटी धरली आणि म्हणाले, "कॉस्टिकच्या टाकीत बुडवलीय ही." लोखंडावरचा रंग कॉस्टिक सोड्याने मस्त निघतो. अ‍ॅल्युमिनिअमला मात्र तो रंगाबरोबर धातूही खातो, हायड्रोजनचा फेस येतो आणि मागे काळा थर राहतो. ते खड्डे घासून काढायला दिवस लागतात, म्हणून वरून सिल्व्हर स्प्रे. अ‍ॅल्युमिनिअमला चालणारा पेंट रिमूव्हर वेगळा असतो. तो लावायचा, रंग फुगला की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा, धुवायचा, पुन्हा लावायचा. पावडर कोटिंग असेल तर दोन-तीनदा. मामा म्हणाले, गॅसच्या ज्योतीने रंग जाळला नाही हे नशीब समज. अलॉयला कारखान्यात उष्णता देऊन ताकद आणलेली असते, ज्योतीने ती उतरते आणि डोळ्यांना काही दिसत नाही. ती रिम खड्ड्यात फुटते तेव्हाच कळतं.

एक तपासणी मात्र मामांनी शिकवली, ती लिहून ठेवतो. पांढऱ्या फडक्यावर मेटल पॉलिश घेऊन रिम चोळा. उघडं अ‍ॅल्युमिनिअम असेल तर फडकं काळं होतं, रंग असेल तर होत नाही. क्लिअर कोट मारल्यावर हे कळणार नाही, म्हणून कोट मारायच्या आधी जा, आणि टायर उतरवलेला असतानाच जा. टायर चढला की कडेची जागा झाकली जाते, आणि माझा सगळा घोटाळा तिथेच होता.

दुकानात गेलो तर मालक आधी म्हणाला टायर जुना, मग म्हणाला खड्ड्यात घातली असेल. "कॉस्टिक? आम्ही इम्पोर्टेड केमिकल वापरतो." डबा दाखवा म्हटलं तर "संपलाय". मागे निळं पिंप होतं, शेजारी पांढऱ्या पोत्यांची थप्पी. पोरगा माझ्याकडे बघेना, हात फडक्यात गुंडाळून उभा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. बिल नाही, त्यामुळे यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं "चार रिम पॉलिश, १४,०००" एवढाच आधार. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

सध्या गाडीला साध्या लोखंडी रिम आहेत. चारही अलॉय पुरावा म्हणून गॅलरीत. परवा शेजारच्या इमारतीतला एकजण बघून गेला. चमक भारी आहे म्हणाला, हजाराला एक मागत होता. त्याला आत बोलावलं आणि कडेवरून बोट फिरवायला लावलं.