ट्रॅमाडॉलची गोळी की फेंटॅनिलचा पॅच?

तोंडाच्या कॅन्सरनं माझ्या सासऱ्यांचं गिळणं बंद होत आलं, तेव्हा अमळनेरच्या घरात आमच्यापुढे हाच प्रश्न होता. आज तुमच्याही घरात तो असेल, तर आधी दुखण्यावरची ही दोन औषधं, गिळायची गोळी आणि कातडीवर चिकटवायची पट्टी म्हणजे पॅच, अंगात काय करतात ते समजून घ्या. दोन्ही अफूसारखं काम करतात, पण अफूच्या बोंडातून निघालेली नाहीत, प्रयोगशाळेत घडवलेली आहेत.

मेंदूत, मज्जारज्जूत आणि आतड्यात म्यू नावाचे रिसेप्टर, म्हणजे रसायनं येऊन बसायच्या जागा, असतात. शरीर स्वतः तयार करतं ती दुखणं शमवणारी एंडॉर्फिनं याच जागी बसतात. औषध तिथे बसलं, की मज्जातंतूच्या टोकात कॅल्शियम कमी शिरतं आणि दुखण्याचा निरोप पुढे नेणारी रसायनं कमी सुटतात. पुढच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडून तीही शांत होते. जखम आहे तिथेच राहते, तिची खबर वर पोचत नाही.

ट्रॅमाडॉल या रिसेप्टरला दुबळंच चिकटतं. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं जोरकस रूप बनवतं. हे एन्झाइम कुणाचं मंद, कुणाचं फार चपळ. म्हणून तीच गोळी एकाला लागू पडत नाही आणि दुसऱ्याला गुंगवते. शिवाय ते मेंदूतलं सिरोटोनिन नावाचं रसायन वाढवतं. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील किंवा कधी फिट आली असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना आपणहून सांगा. मोठ्या माणसालाही दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर जाता येत नाही. म्हणजे दुखणं वाढत गेलं, की या गोळीची हद्द येते.

फेंटॅनिल १९६० साली बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी बनवलं. अफूतून निघणाऱ्या मॉर्फिनच्या ५० ते १०० पट जोरकस. चरबीत सहज विरघळतं, म्हणून कातडीतून आत जातं आणि गिळावं लागत नाही. किडनी कमजोर असेल तर ते मॉर्फिनपेक्षा बरं, कारण मॉर्फिनचे उरलेले घटक किडनीवाटे बाहेर न पडता अंगात साचतात. पण पॅच लावल्यावर पुरता गुण यायला १२ ते २४ तास जातात, आणि काढल्यावरही कातडीखालचा साठा झिरपत राहतो. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सतरा तास किंवा त्याहूनही जास्त लागतात. दुखणं रोज वरखाली होत असेल, तर पॅच घाईचा ठरतो. आणि आधी मॉर्फिनसारखं कुठलंच औषध न घेतलेल्या माणसाला तो थेट लावणं जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे आधी नाकातल्या नळीतून मॉर्फिन देऊन रोजचा डोस ठरवला, मगच पॅच लागला. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "आते बरं वाटस." कितीतरी दिवसांनी ते सलग झोपले होते.

आता खानदेशाची गोष्ट, जी चिठ्ठीवर लिहिलेली नसते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो. कातडी तापली की पॅचमधून औषध भराभर सुटतं. पत्र्याच्या खोलीत खाट असेल, अंगात ताप असेल, किंवा कुणी मायेनं गरम पाण्याची पिशवी लावली असेल, तरी तेच होतं. बाबांची खाट आम्ही दुपारी पत्र्याखालून काढून मातीच्या घरात हलवली, आणि ताप आला की श्वास मोजायचो. माणूस हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास फार मंद असेल, तर पॅच काढा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. पॅच काढून वाट बघत बसू नका, साठा आत असतोच.

बद्धकोष्ठ दोन्हींत होतं आणि अंगवळणी पडत नाही. रेचक पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

माझं मत विचाराल, तर गिळता येतं आणि दुखणं मध्यम आहे तोवर गोळी. गिळणं थांबलं, दुखणं एका पातळीवर आलं, डोस ठरला, आणि थंड खोलीची सोय झाली, की पॅच. त्याची तारीख-वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, बहुतेकांना तो ७२ तासांनी बदलावा लागतो. जुना पॅच चिकट बाजू आत दुमडून, मुलांच्या हाती लागणार नाही असा लगेच टाकून द्या, कारण त्यात औषध उरलेलं असतं आणि घरात नातवंडं असतात.