रिटनहाउस राय : आठ महिन्यांनंतर

फिलाडेल्फियात राहायला येऊन सहा वर्षं झाली. इथल्या रिटनहाउस स्क्वेअर या बागेतल्या बाकांवर कितीतरी रविवार गेले, पण त्याच नावाची व्हिस्की दुकानात अगदी खालच्या फळीवर असते, हे गेल्या नोव्हेंबरात पहिल्यांदा लक्षात आलं. मी सव्वीस डॉलर मोजले. तोवर आमच्या घरी फक्त बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की असायची. आता चौथी बाटली चालू आहे. आठवड्याला दोन, फार तर तीन पेग, तेही रात्रीच्या जेवणाआधी.

आधी नावाचा गोंधळ मिटवतो. फोनवर आईला ‘राय’ सांगितलं तर तिनं मोहरी समजली. राईचा इथे काही संबंध नाही. राय हे गव्हाच्या कुळातलं धान्य, थंडीत आणि हलक्या जमिनीत तग धरणारं. आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी ते पेरलं आणि त्याची व्हिस्की गाळली. १७९४ मध्ये व्हिस्कीवरच्या करावरून याच राज्याच्या पश्चिम भागात बंड झालं, ते मोडायला जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः सैन्याबरोबर निघाले. पुढे १७९९ मध्ये त्यांच्याच माउंट व्हर्ननच्या डिस्टिलरीत जवळपास ११,००० गॅलन व्हिस्की तयार झाली, आणि तिच्यात ६० टक्के राय होती. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीनंतर मात्र लोकांची जीभ हलक्या, गोडसर दारूकडे वळली आणि इथल्या राय डिस्टिलऱ्या एकेक करून बंद पडल्या. रिटनहाउसचं नाव फिलाडेल्फियाचं राहिलं, ती गाळतात मात्र केंटकीत, हेवन हिल कंपनी.

हेवन हिलचीच एक बर्बन आहे, इव्हान विल्यम्स, पांढऱ्या लेबलची. दोन्ही बाटल्यांवर ‘बॉटल्ड इन बॉण्ड’ लिहिलेलं असतं. १८९७ च्या कायद्याने त्याचा अर्थ ठरलेला आहे : माल एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला, किमान चार वर्षं पिंपात मुरलेला आणि नेमका ५० टक्के अल्कोहोलचा. दोघींची पिंपं कोऱ्या ओकची, आतून जाळलेली. फरक उरतो तो धान्याचा. बर्बनमध्ये कमीत कमी ५१ टक्के मका लागतो, रायमध्ये कमीत कमी ५१ टक्के राय. इव्हान विल्यम्समध्ये मका ७८ टक्के आणि राय फक्त १०, रिटनहाउसमध्ये राय ५१. धान्य बदललं की नेमकं काय बदलतं हे घरबसल्या चाखायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

फेब्रुवारीत बायकोनं दोन सारख्या ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवून माझ्यापुढे ठेवले. नुसता वास घेऊन मी चुकलो, कारण दोन्हीकडे व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास होता. घोट घेतल्यावर मात्र शंका उरली नाही. बर्बन सरळ शेंगदाण्याची चिक्की : गूळ, भाजका दाणा, गोडवा जिभेच्या शेंड्यावर येतो आणि तिथेच विरतो. रायचाही आरंभ गोड असतो, पण घोट उतरल्यावर तोंड कोरडं होतं आणि मग मागून मिरी, लवंग, संत्र्याची साल एकामागून एक येतात. सगळे रायला ‘तिखट’ म्हणतात. मला ते पटत नाही. तिखट तर बर्बनही लागते, ५० टक्क्यांची आहे. रायचं वैशिष्ट्य तो कोरडेपणा आहे, त्यामुळेच पुढचा घोट हवासा वाटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी न धुतलेला ग्लास हुंगून बघा, वाळलेल्या थेंबांत लवंग आणि भाजलेल्या पावाची कड अजून असते.

पहिले दोन आठवडे मी राय पाणी-बर्फ न घालता तशीच पीत होतो आणि घसा पोळत होता. मग चमच्याचा हिशोब केला. ४५ मिलीच्या पेगमध्ये एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली पाणी घातलं की ती ४५ टक्क्यांवर येते. मला हीच तीव्रता मानवते. दोन चमच्यांनी जवळपास ४१ होते, तेव्हा संत्र्याची साल हरवते. बर्फ घालायचा असेल तर एकच मोठा खडा घाला. बर्फ वितळल्यावर बर्बन पाणचट गोड होते, ही शेवटपर्यंत आपली चव सोडत नाही.

मिसळून प्यायला तर तिला तोड नाही. मॅनहॅटन या कॉकटेलसाठी ६० मिली राय, ३० मिली गोड व्हर्मूथ (मसाल्या-वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन), अँगोस्तुरा या कडू अर्काचे दोन शिंतोडे. व्हर्मूथ फोडल्यावर फ्रीजमध्येच ठेवा. माझी पहिली बाटली फडताळात राहिली आणि महिन्याभरात आंबूस झाली, दोष मी व्हिस्कीला देत बसलो होतो. ओल्ड फॅशन्ड या व्हिस्की-साखरेच्या कॉकटेलमध्ये साखरेऐवजी गुळाचा पाक घालून पाहिला. बर्बनबरोबर ते सरबतासारखं गोडमिट्ट झालं. रायबरोबर गूळ आणि लवंग असे जुळले की पाहुण्यांना आता तेच देतो. बरोबर कोथिंबीर वडी, किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी लावलेला टोस्ट.

स्कॉचच्या धुरकट चवीची सवय असलेल्यांना ही पहिल्या दिवशी आवडेलच असं नाही. माझ्या पुण्याच्या मित्राला नाही आवडली, तो बर्बनवरच थांबला. ज्यांना राय अजून ठसठशीत हवी त्यांनी बुलेट या ब्रँडची राय घ्यावी. तिच्यात राय ९५ टक्के आहे, आणि तिच्यात पुदिना, शेपूसारखा हिरवट वास स्पष्ट येतो. मला रोजच्यासाठी तो जास्त होतो. रिटनहाउसमध्ये मका बऱ्यापैकी असल्यामुळे बर्बनवरून येणाऱ्या माणसाला ओळखीचा गोडवा सापडतो.

पांढऱ्या लेबलची बाटलीही घरात असतेच. ती काही डॉलरनी स्वस्त पडते आणि कुल्फीवर चमचाभर ओतायला मला तीच आवडते. पण शुक्रवारी संध्याकाळी हात खालच्या फळीकडेच जातो.