स्टेपनी ब्राउझर: दहा महिने वापरून झाल्यावर

कुठला ब्राउझर फास्ट आणि कुठला रॅम खातो हे बघायला आला असाल तर ते इथे नाही. माझा रोजचा ब्राउझर एज आहे, लॅपटॉपबरोबर आला, फुकट मिळालंय ते टाकायचं कशाला म्हणून तोच वापरते आणि तो बदलायचा विचारही नाही. हे लिहितेय ते दुसऱ्या ब्राउझरबद्दल, महिन्या-दोन महिन्यांत कधीतरी उघडायचा तो. गाडीत स्टेपनी असते ना, तसा.

सुरुवात एका फॉर्मने झाली. चौदा पानी फॉर्म, फोटो सही सगळं अपलोड करून झालेलं, शेवटचा दिवस, आणि सबमिट दाबलं तर ढिम्म. बटण नुसतं रंग बदलतं, पुढे काही नाही. दोनदा लॅपटॉप रीस्टार्ट केला, साइट बनवणाऱ्याचा मनसोक्त उद्धार केला, मग भाच्याला फोन केला तर तो म्हणे, "मावशी, दुसऱ्या ब्राउझरमधून बघ की." दुसरा नव्हताच. १२८ जीबीची ड्राइव्ह, त्यात जेमतेम १४ जीबी रिकामी, आणि एकाच कामाला दोन दोन सॉफ्टवेअर ठेवणं ही मला उधळपट्टी वाटते. पण अडला हरी, काय करता. जो पहिला समोर आला तो उतरवला, फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरला, आणि सबमिट झाला.

त्या पहिल्या ब्राउझरचं नाव घेत नाही. काम झालं म्हणून ठेवला तर चार दिवसांत लक्षात आलं की हा पाहुणा घराचा ताबा घ्यायला आलाय. बाजूला पट्टी, पट्टीत चॅट, खाली कूपनं, नवीन टॅब उघडला की बातम्या, आणि प्रत्येक वेळी "मला डिफॉल्ट करा". बाई, तुला वर्षातून दहा वेळा उघडणार आहे मी, डिफॉल्ट कशाला करू? वरून लॅपटॉप चालू झाला की हा पण मागच्या दाराने चालू, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये जाऊन बंद करावा लागला. काढूनच टाकला शेवटी.

काढताना भाचा म्हणाला, तो तसाही कामाचा नव्हता, आतून एजच आहे तो. म्हणजे काय तर एजने जानेवारी २०२० मध्ये स्वतःचं इंजिन (वेबपेज वाचून पडद्यावर मांडणारा आतला भाग) सोडून क्रोमियम (गूगल क्रोमचा खुला पाया) घेतलं, ऑपेराने त्याच्याही आधी २०१३ मध्येच आपलं प्रेस्टो इंजिन सोडलं, ब्रेव्ह, विवाल्डी हे पण क्रोमियमच, सगळ्यांच्या पोटात ब्लिंक हेच इंजिन. वरचा रंग वेगळा, आतून एकाच माळेचे मणी. आणि प्रत्येक जण त्या इंजिनची स्वतःची वेगळी कॉपी डिस्कवर ठेवतो, हे कळल्यावर तर माझा जीव जास्तच तळमळला. एकच इंजिन दोनदा ठेवायला मी जागा देत होते! विंडोजवर खरंच वेगळ्या इंजिनचं नावाजलेलं काही हवं असेल तर फिरून फायरफॉक्सवरच येतो आपण. मॅकवाल्यांचं बरंय, त्यांना सफारी आयताच मिळतो, त्याचं वेबकिट इंजिन वेगळं आहे.

तर फायरफॉक्स घेतला. ठरवून उघडाबोडका ठेवला, एकही एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायची छोटी सोय) नाही, सिंक नाही, पासवर्ड साठवणं बंद. होमपेज कोरं. डाउनलोड कुठे ठेवायचं ते दर वेळी विचार असं सेटिंग. आणि त्या फॉर्मच्या साइटला पॉप-अपची परवानगी, कारण त्यांची पावती पॉप-अपमध्येच उघडते. दहा मिनिटांचं काम, पण मन लावून केलेलं. स्टार्टअपमध्ये येऊन बसत नाही, एकदा "नको" म्हटल्यावर डिफॉल्टचं परत विचारलं नाही, मी खूश.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. ती पट्टी.

मध्ये दोन-अडीच महिने तो उघडलाच नव्हता. उघडला तर एक पट्टी आली, की बरेच दिवसांत तुम्ही आला नाहीत, नवीकोरी सुरुवात करायची का? शेजारी रिफ्रेशचं बटण. मला वाटलं कॅश वगैरे साफ करत असेल, किती गुणी बाळ आहे, आणि दाबलं. न वाचता दाबलं, चूक माझीच आहे, वाचलं असतं तर पुढचं टळलं असतं. रिफ्रेशमध्ये बुकमार्क, हिस्टरी, कुकी (साइटने ठेवलेल्या खुणा, लॉगिन त्यांच्यामुळेच टिकतं), पासवर्ड राहतात, पण एक्स्टेन्शन, बदललेली सेटिंग्ज आणि साइटला दिलेल्या परवानग्या उडतात. माझ्याकडे बुकमार्क नव्हते, पासवर्ड नव्हते. जे होतं ते सगळं सेटिंग आणि परवानगीच होतं! म्हणजे जे राखलं जातं ते माझ्याकडे नव्हतंच आणि जे होतं तेवढंच नेमकं गेलं. मग फी भरली, पैसे कटल्याचा मेसेज आला, पावती काही उघडेना, पॉप-अप अडवलेला. मी परत "भरा" दाबणारच होते, बोट माऊसवर होतं, तेवढ्यात वर अडवल्याची पिवळी पट्टी दिसली. वाचले. डेस्कटॉपवर जुन्या डेटाचा एक फोल्डर आला होता, म्हणजे परत आणायची सोय असते, पण त्यात शोधत बसण्यापेक्षा मी सगळं हाताने परत केलं.

ही पट्टी साठ दिवस प्रोफाइल (ब्राउझरमधली आपली सगळी साठवण) उघडलं नाही की येते. ६०! साठ दिवसांत एकदाही न उघडणारा माणूस म्हणजे कोण, तर स्टेपनीवालाच ना? रोज वापरणाऱ्याला ती आयुष्यात दिसणार नाही. हेतू चांगला आहे हे मान्य, जुनाट एक्स्टेन्शनांनी बरबटलेलं प्रोफाइल असेल तर उपयोगच होईल. फुली मारली की गप जातेही. पण मी आता फोनमध्ये दर महिन्याच्या एक तारखेला रिमाइंडर लावलाय, "कोल्हा उघड". नवरा हसतो. हसू दे.

रिमाइंडरचा दुसरा फायदा म्हणजे अपडेट. साधारण ४ आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, म्हणजे साठ दिवस झोपलेला ब्राउझर दोन आवृत्त्या मागे आणि नेमका पैसे भरायला आपण तोच उघडणार. विंडोजवर २०२१ च्या ९० व्या आवृत्तीपासून ब्राउझर बंद असतानाही मागच्या मागे अपडेटची सोय आहे, पण स्टेपनीतली हवा आपण बघितलेली बरी.

इथपर्यंत लिहून आठवडाभर तसंच ठेवलं होतं, आणि मध्ये एक घोळ झाला, त्यामुळे वरच्या इंजिन प्रवचनातलं अर्धं मागे घेते. रोजच्या ब्राउझरमध्ये परत एक बटण मेलं. म्हटलं स्टेपनी काढण्याआधी सहज प्रायव्हेट खिडकीत बघू, कंट्रोल शिफ्ट एन. चाललं! मग एकेक एक्स्टेन्शन बंद करत गेले तर जाहिराती अडवणारं एक एक्स्टेन्शन निघालं, ते त्या बटणामागची स्क्रिप्टच खात होतं. प्रायव्हेट खिडकीत एक्स्टेन्शन आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत आणि जुन्या कुकीही नसतात. म्हणजे तो चौदा पानी फॉर्मही बहुतेक त्याच्यामुळेच अडला होता, पहिल्या स्टेपनीत चालला तो इंजिनमुळे नाही (इंजिन तर तेच होतं!), त्यात ते एक्स्टेन्शन नव्हतं म्हणून. हे दहा महिन्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर डिस्कवरची जागा वाचली असती, फॉर्म दोनदा भरावा लागला नसता, आणि त्या वेबसाइटवाल्याला मी जे बोलले ते बोलले नसते. भाच्याला विचारलं हे आधी का नाही सांगितलंस, तर म्हणे तू विचारलं नाहीस.

मग फायरफॉक्स काढू का? दोन दिवस विचार केला, नाही काढला. प्रायव्हेट खिडकी बंद केली की लॉगिन गेलं, आणि तीन दिवस थोडा थोडा भरायचा फॉर्म असेल तर दर वेळी ओटीपी आणि "नवीन डिव्हाइस दिसतंय" करत बसा. स्टेपनीत लॉगिन टिकतं. मी मध्यंतरी बंद करताना कुकी पुसायचं सेटिंग पण लावून पाहिलं होतं, फार सुरक्षित वाटलं, आणि मग दर वेळी ओटीपी, काढून टाकलं. शिवाय इंजिनचा फरक एकदाच का होईना पण खरंच कामी आला, एका साइटचा तक्ता प्रिंट करताना उजवा रकाना कापला जात होता, फायरफॉक्समधून अख्खा आला.

उलटंही होतं बरं का. भाच्याचा कीबोर्ड वेबपेजवरून सेट करायचा होता, त्याला वेबएचआयडी (वेबपेजला कीबोर्डसारख्या उपकरणाशी थेट बोलू देणारी सोय) लागतं, ते फायरफॉक्समध्ये नाही, सफारीतही नाही, तिथे क्रोमियमवालाच पाहिजे. म्हणजे रोजचा फायरफॉक्स असणाऱ्यांची स्टेपनी क्रोमियमची असायला हवी, आणि विंडोजवर ती एजच्या रूपाने आधीच पडलेली असते, वेगळं काही उतरवू नका. आयफोनवाल्यांनी तर या भानगडीत पडूच नये, युरोपियन युनियनला २०२४ पासून आणि जपानला डिसेंबर २०२५ पासून सूट मिळाली तो भाग सोडला तर तिथे सगळ्यांच्या आत वेबकिटच, नाव काहीही असो.

फायरफॉक्स जागा किती खातो ते परवा बघितलं, बघायला नको होतं. बदल्यात जुने व्हिडिओ उडवले.

हे सगळं त्याच्यातच बसून टाइप केलंय, साठ दिवसांचा मीटर तेवढाच मागे. वर कोपऱ्यात अपडेट तयार असल्याचा ठिपका आलाय, रीस्टार्ट मागतोय. आधी हे कॉपी करून ठेवते, मग देते.