साधं डांबर की पॉलिमरचं?

विदर्भात मे महिन्यात डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापतो. साध्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराला मृदुबिंदूची, म्हणजे ते मऊ पडतं त्या तापमानाची, अट मात्र किमान ४७ अंशांची. म्हणून सिग्नलपाशी, चढावर, जिथे भरलेले ट्रक रेंगाळतात, तिथे चाकोऱ्या पडतात. एसबीएस पॉलिमर (एक कृत्रिम रबर) मिसळलेलं डांबर रबरासारखं ताणलं जाऊन पुन्हा आखडतं, खडीही घट्ट धरतं. चाकोऱ्या आणि भेगा दोन्ही कमी होतात. पण ते महाग, जास्त तापवावं लागतं, आणि टाकीत ढवळत ठेवलं नाही तर पॉलिमर वेगळं होऊन वर येतं. कमी वर्दळीच्या गावरस्त्याला व्हीजी-३० पुरेसं आहे. घाट आणि महामार्गांवर मी पॉलिमरचाच आग्रह धरेन. पाणी तुंबत असेल तर मात्र आधी गटार काढा. तिथे दोन्ही डांबरं उखडतात.