लहान मुलासाठी घरी पल्स ऑक्सिमीटर: बरेच महिने वापरल्यावर

लेक वेळेच्या बरीच आधी जन्मली. फुप्फुसं अजून पुरती सावरलेली नाहीत, म्हणून झोपेत नाकाला ऑक्सिजनची नळी आणि रात्रभर सॅच्युरेशनवर (रक्त ऑक्सिजनने किती टक्के भरलंय त्यावर) लक्ष ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय. त्यासाठी वायरचा, अलार्मवाला पल्स ऑक्सिमीटर घरी आला, त्याला आता बरेच महिने झाले. तेव्हा ती ठेवू तिथे राहायची. आता पळते, चढते आणि हाताला लागेल ते उपटते. यंत्र तेच आहे, वापरणं मात्र पार बदललंय.

घेणार असाल तर स्क्रीन केवढी, ॲप आहे का, हे नंतर बघा. आधी प्रोब, म्हणजे अंगाला लावायचा सेन्सर, बघा. बोटाला लावायची चिमट्यासारखी क्लिप मोठ्या माणसांच्या मापाची असते. एवढ्याशा बोटावर ती धड बसत नाही आणि वाटेल तो आकडा दाखवते. लहान मुलांना पट्टीसारखा गुंडाळायचा प्रोब लागतो, आणि तो वजनानुसार निवडायचा असतो. आम्ही तो पायाच्या अंगठ्याला लावतो. दिवा एका बाजूला आणि प्रकाश टिपणारा भाग बरोबर त्याच्या समोर आला पाहिजे. पट्टी आवळली तर रक्तप्रवाह अडतो, सैल ठेवली तर झोपेत फिरते.

आकडा येतो कसा हे कळल्यावर माझी निम्मी घालमेल थांबली. प्रोब लाल आणि अवरक्त असा दोन तऱ्हांचा प्रकाश बोटातून सोडतो, साधारण 660 आणि 940 नॅनोमीटरचा, आणि नाडीबरोबर त्यात जो चढउतार होतो तेवढाच हिशेबात धरतो. ही कल्पना जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांची, 1970च्या दशकाच्या सुरुवातीची. ते खरं तर वेगळंच मोजत होते. नाडीमुळे येणारा व्यत्यय काढून टाकायच्या खटपटीत त्यांना ऑक्सिजन मोजायची वाट सापडली. घरी गोची होते ती इथेच. मूल पाय झाडायला लागलं की आतलं रक्तही हिंदकळतं आणि यंत्राला तीही नाडीच वाटते. दोन्ही प्रकाशांतला चढउतार सारखा झाला की गणित 85च्या आसपास येऊन थांबतं. त्यामुळे लेक गुलाबी ओठांनी गादीवर उड्या मारतेय आणि स्क्रीनवर 84-85, हे आमच्याकडे नेहमीचं.

म्हणून बघायचा क्रम ठरवून घेतलाय: आधी मूल, मग स्क्रीनवरची नाडीची लाट, आकडा सगळ्यात शेवटी. लाट एकसारखी उठत असेल तरच आकड्याला अर्थ आहे. शंका वाटली तर छातीवर हात ठेवून ठोके मोजते. यंत्राची नाडी त्याच्याशी जुळत नसेल, तर त्या क्षणी सॅच्युरेशनचा आकडाही धरत नाही. उलट ओठ निळसर दिसत असतील, बरगड्यांखालची जागा श्वासागणिक आत ओढली जात असेल, मूल कण्हत असेल, तर आकडा कितीही चांगला असो, यंत्राशी खेळत बसायचं नाही. लगेच मदत मागायची.

जागेपणी प्रोब लावायची झटापट आता आम्ही करत नाही. डॉक्टरांना विचारूनच हे ठरवलं. ती गाढ झोपली की लावायचा. वायर तळव्यावरून टाचेकडे न्यायची, घोट्यापाशी एक सैल वळसा ठेवून कागदी टेपने चिकटवायची, म्हणजे ओढ बसली तरी ती वळशाला बसते, अंगठ्याला नाही. वरून मोजा. मोज्याने बाहेरचा उजेड अडतो, तोही आकडा बिघडवतो. वायर पायथ्याकडूनच बाहेर काढायची. गळ्याजवळ ती येताच कामा नये. जुना, निकामी प्रोब तिच्या अस्वलाला दिलाय. ती त्याच्या पायाला पट्टी गुंडाळते, 'हलू नको ले' म्हणून दटावते आणि स्वतः मात्र हलते. तरी झोपमोड झाली तर आता प्रोब उपटत नाही, हा फरक त्या अस्वलामुळेच पडला असं माझं मत.

अलार्मबद्दल. आमचं यंत्र मोठ्यांच्या लिमिटवर सेट होऊन आलं होतं. या वयात रडताना नाडी 150-160 सहज जाते, म्हणजे रडण्याबरोबर अलार्मही सुरू. लिमिट किती ठेवायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. झोपमोड होते म्हणून मनाने खाली आणू नका. यंत्र आकडा काही सेकंदांच्या सरासरीने दाखवतं. ती सरासरी लांबवली की खोटे अलार्म कमी होतात, पण छोटे, खरे उतारही त्यात बुडतात. माझी खरी तक्रार डिझाइनची आहे: अलार्म बंद करायचं बटण सगळ्यात मोठं, पिवळं, आणि त्याला लॉक नाही. लेकीला ते कधीच सापडलंय. यंत्र आता उंच फळीवर असतं.

प्रोबची जागा दर काही तासांनी बदलावी लागते. पत्रकात दिलेली वेळ पाळा. अर्धवट झोपेत मोजा काढायचा कंटाळा येतो, पण लहान मुलांची कातडी लवकर लाल होते, दाबाने फोडही येऊ शकतो.

आणखी एक. हे यंत्र श्वास मोजत नाही. नळीतून ऑक्सिजन चालू असताना श्वास उथळ झाला तरी आकडा बराच वेळ चांगला राहू शकतो, आणि साठणारा कार्बन डायऑक्साइड त्याला दिसतच नाही. गडद त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो. 2020 साली अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या अभ्यासानंतर याची बरीच चर्चा झाली. आपण सावळी माणसं, तेव्हा काठावरच्या आकड्यावर निर्धास्त होऊ नये.

मेमरी असलेलंच यंत्र घ्या. डॉक्टरांना सकाळचा एक आकडा नको असतो, रात्रभरात किती वेळ सॅच्युरेशन खाली होतं ते हवं असतं. सोबत मी वहीत वेळा टिपून ठेवते: नळी कधी निघाली, प्रोब कधी बदलला, सर्दी होती का. मागच्या तपासणीत पहाटेच्या एका मोठ्या उताराशेजारी वहीत 'प्रोब मोज्यात सापडला' एवढंच होतं, आणि डॉक्टरांनी तो तुकडा बाजूला काढून उरलेली रात्र वाचली.