एलियन: आयसोलेशन – पाठ न होणारा शत्रू

भीतीचे बहुतेक गेम दुसऱ्यांदा खेळताना निम्मे गार पडतात. कुठल्या दारामागून काय झेप घेणार, कुठल्या कॉरिडॉरमध्ये दिवे जाणार हे एकदा कळलं की उरते ती नुसती कसरत. 'आउटलास्ट' (२०१३) पहिल्या खेपेला घाम फोडतो, पण पाठलागाच्या जागा ठरलेल्या असल्याने दुसऱ्या खेपेला आपण आधीच पलंगाखाली जाऊन बसतो. क्रिएटिव्ह असेंब्लीने बनवलेला आणि सेगाने ७ ऑक्टोबर २०१४ रोजी बाजारात आणलेला 'एलियन: आयसोलेशन' या रोगापासून बराच वाचला आहे. सगळ्यात भीतीदायक गेम कोणता, असा वाद निघाला की त्याचं नाव आजही येतं. कारण एकच: यातला शत्रू पाठ होत नाही.

कथा थोडक्यात सांगून टाकू, कारण ती या गेमची ताकद नाही. साल २१३७. मूळ 'एलियन' (१९७९) चित्रपटातल्या घटनांना पंधरा वर्षं झाली आहेत. एलेन रिप्लीची मुलगी अमांडा पेशाने इंजिनिअर आहे. आईच्या नोस्ट्रोमो या जहाजाचा फ्लाइट रेकॉर्डर सापडल्याचं कळल्यावर ती सेवास्तोपोल या अवकाशस्थानकावर पोचते. तिथे वीज अर्धवट, माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि छतातल्या व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या नळ्यांतून, काहीतरी फिरतंय. बस्स.

स्थानकाचं रूप मात्र डोळे भरून पाहावं असं. १९७९ मध्ये भविष्याची जी कल्पना होती तीच इथे आहे: फुगीर काचेचे मॉनिटर, जाडजूड बटणं, हिरवी अक्षरं, टचस्क्रीनचा पत्ता नाही. फॉक्स या चित्रपट कंपनीने मूळ चित्रपटाचा मोठा दप्तरखजिना बनवणाऱ्यांना खुला केला होता. पडद्यांवरची चलचित्रं त्यांनी जुन्या व्हिडिओ रेकॉर्डरमधून काढली, म्हणून त्यातली थरथर खरी वाटते. दहा वर्षं उलटूनही चित्र जुनं दिसत नाही. माणसांचे चेहरे तेवढे मेणाचे वाटतात.

आता मुद्द्याचं. एलियनला चालवणारे दोन संगणकी मेंदू आहेत. एकाला तुम्ही कुठे आहात हे कायम ठाऊक असतं. तो एलियनला नेमकी जागा सांगत नाही, फक्त "त्या भागात बघ" एवढाच इशारा देतो. दुसरा मेंदू खुद्द एलियनचा. त्याला तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी आणि कानांनीच शोधावं लागतं. पहिला मेंदू तुमच्यावरच्या दडपणाचा हिशेबही ठेवतो: एलियन किती वेळ जवळ आहे, किती वेळ तुम्हाला दिसतोय, तुमच्या हातातल्या, हालचाल टिपणाऱ्या मोशन ट्रॅकरवर किती वेळ आहे. हे माप भरलं की तो एलियनला काही काळ व्हेंटमध्ये परत धाडतो. शिवाय एलियनच्या वागण्याचे काही भाग सुरुवातीला कुलूपबंद असतात आणि खेळ पुढे सरकेल तसे उघडतात, म्हणून तो शिकतोय असं वाटत राहतं.

ही रचना समजली की एक व्यावहारिक गोष्ट आपोआप कळते: लॉकरमध्ये बसून राहणं ही सगळ्यात वाईट युक्ती आहे. तुमच्या आसपास फिरण्याचा इशारा एलियनला मिळतच राहणार. तो गेला की दहा-पंधरा सेकंदांत निघायचं. नवखे खेळाडू इथेच फसतात. पाच-पाच मिनिटं लॉकरमध्ये काढतात आणि मग गेम कंटाळवाणा आहे अशी तक्रार करतात. शक्य तिथे लॉकरपेक्षा टेबल किंवा रुग्णालयातली खाट बरी. खालून चारी बाजूंचं दिसतं आणि एलियन ज्या बाजूला जाईल त्याच्या उलट बाजूने सरकता येतं. लॉकरमध्ये शिरलातच आणि तो दाराशी आला, तर मागे सरकून श्वास रोखायचा. फार वेळ रोखलात तर तब्येत घटते, म्हणून तो अगदी समोर आल्यावरच रोखा.

मोशन ट्रॅकर हा या गेमचा अर्धा जीव. पण तो काय दाखवत नाही हे आधी समजून घ्या. तो फक्त हलणारी वस्तू दाखवतो. एलियन स्थिर उभा असेल तर पडदा कोरा. ठिपका तुमच्याच मजल्यावर आहे की वरच्या व्हेंटमध्ये, हेही कळत नाही. ते कानांनी ओळखायचं: व्हेंटमधली धडधड वेगळी, जमिनीवरची जड पावलं वेगळी. ट्रॅकर हातात असताना मागचं दृश्य धूसर होतं. नजर पडद्यावर ठेवायची की समोर, यासाठी वेगळं बटण आहे आणि ते बोटाच्या सवयीचं व्हायला हवं. एलियन जवळ असताना ट्रॅकरची पीप-पीप तुमच्यावरच उलटू शकते, म्हणून लपल्यावर ट्रॅकर खाली. आणखी एक: छताच्या उघड्या भोकातून लाळ गळताना दिसली तर त्याखालून जाऊ नका. तो वर बसलेला असतो. वाटेत ट्रॅकरकडे बघत चालणारे इथेच संपतात.

पळू नका, हे सांगायला सोपं. पाचव्या मिशनमध्ये रुग्णालयाच्या भागात एलियनशी पहिली लांबलचक गाठ पडते, आणि तिथे बहुतेकांचे पाय पळायला लागतात. पळण्याचा आवाज लांब जातो. त्याने एकदा पाहिलं की तुम्ही कितीही पळा, तो वेगवानच असतो. वाकून चालणं हळू आहे, पण संपूर्ण गेम वाकून काढायचीही गरज नाही. ट्रॅकरवर ठिपका दूर असेल तर सरळ उभं राहून चाला. वेळ वाचतो, आणि या गेममध्ये एका जागी घालवलेला वेळ हाच धोका.

सेव्हची व्यवस्था जुन्या वळणाची आणि क्रूर आहे, पण माझ्या मते बरोबर आहे. भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालायचं, तीन दिवे एकेक करून लागेपर्यंत उभं राहायचं, तोवर खेळ थांबत नाही. त्या काही सेकंदांत पाठीत शेपटी घुसू शकते. जवळ शत्रू असेल तर यंत्र तशी सूचना देतं. ती पाहून निमूट मागे फिरा. हीच गोष्ट टर्मिनल वाचताना आणि कुलूप हॅक करताना. सगळं चालू वेळेत होतं, म्हणून आधी ट्रॅकर, मग कळफलक.

साहित्य गोळा करून वस्तू बनवता येतात: नॉइजमेकर (आवाज करून लक्ष वेधणारा), धुराचा बॉम्ब, फ्लॅशबँग (डोळे दिपवणारा), ईएमपी माइन (यंत्रं सुन्न करणारा सुरुंग), पाइप बॉम्ब, मोलोटोव्ह (पेटती बाटली), मेडकिट. प्रत्येक घटकाची ठरावीक संख्याच बाळगता येते. मर्यादा भरली की पुढचं सामान जमिनीवरच राहतं, म्हणून साठवत बसू नका, बनवून टाका. यातला सगळ्यात उपयोगी नॉइजमेकर. बंदूकधारी माणसांच्या घोळक्यात फेका आणि बाजूला व्हा, उरलेलं काम एलियन करतो. स्वतः गोळी झाडलीत तर तेच काम तो तुमच्यावर करेल. एलियनला कुठल्याच शस्त्राने मारता येत नाही.

फ्लेमथ्रोअर, म्हणजे आग ओकणारी बंदूक, मिळाल्यावर छाती थोडी फुगते. एक छोटा फवारा आणि तो पळतो. पण तो दर वेळी अधिक धीट होत जातो, ज्वाळेच्या टप्प्याबाहेर थांबून अंदाज घेतो आणि तुमचं इंधन संपण्याची वाट पाहिल्यासारखा घुटमळतो. इंधन पुरवून वापरायचं असेल तर त्याने पाहिल्याशिवाय झाडूच नका. नुसतं रोखून धरलं तरी तो काही क्षण थबकतो.

वर्किंग जो हे कृत्रिम मानव एलियनइतके प्रसिद्ध नाहीत, पण भीती म्हणून मला ते जवळपास तेवढेच जमलेले वाटतात. रबरी चेहरा, सौम्य आवाज, गळा दाबतानाही सुरक्षिततेचे नियम ऐकवणं. त्यांच्यावर थेट पान्ह्यासारख्या हत्याराने हल्ला केला तर ते हात पकडतात. आधी स्टन बॅटन (विजेचा दंडुका) किंवा ईएमपीने सुन्न करा, मग डोक्यावर घाव. पुढे रबरी पोशाखातले वर्किंग जो येतात. त्यांच्यावर विजेचा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी आग किंवा बोल्टगन (बोल्ट झाडणारी बंदूक) राखून ठेवा. भिंतीवरच्या वीज-पेट्यांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. तिथून कॅमेरे बंद करता येतात, हवा शुद्ध करणारी यंत्रणा बंद करून खोलीत धुकं पसरवता येतं. फुकटात मिळणारी मदत आहे, घ्या.

आता खोट. हा गेम लांबला आहे. अठरा मिशन, सावध खेळाडूला वीस तास सहज. मधल्या टप्प्यात एलियन जवळपास गायब होतो आणि वर्किंग जो व वीज-पेट्यांवर काम भागवलं जातं. तिथे ताण सैल पडतो तो पडतोच. शेवटाकडे तर "आता संपला" असं दोन-तीनदा वाटतं आणि आणखी एक जनरेटर चालू करायचा निघतो. त्याच त्या दालनांतून ये-जा करणंही पुष्कळ आहे. चार-पाच तास कापले असते तर हा गेम जवळजवळ निर्दोष झाला असता.

सेटिंगबद्दल. हेडफोन नसतील तर खेळू नका. दिशा कळण्याचं खरं साधन तेच. ब्राइटनेस पडद्यावर सांगितल्याप्रमाणे ठेवा, वाढवलात तर स्थानक फिकट राखाडी होतं आणि भीती पळते. पीसीवर वस्तूंच्या कडा लुकलुकतात, हा जुना दोष आहे. अलायस आयसोलेशन नावाचा मॉड (चाहत्यांनी बनवलेली जोडणी) तो बऱ्यापैकी झाकतो. निन्टेन्डो स्विचची आवृत्ती (२०१९) फेरल इंटरॅक्टिव्हने आश्चर्य वाटावं इतकी नीट उतरवली आहे. त्यांनीच २०२१ मध्ये मोबाइलवरही आणला, पण बोटांनी काचेवर वाकून चालणं, ट्रॅकर आणि नजर बदलणं एकत्र जमवणं जिकिरीचं, कंट्रोलर जोडा. एक्सबॉक्स वनवर किनेक्ट (कॅमेरा-माइक असलेलं उपकरण) किंवा पीएस४वर कॅमेरा असेल तर खोलीतला आवाज एलियनला ऐकू जाण्याची सोय चालू करता येते. गंमत म्हणून एकदा करून पाहा. घरात कुकर चालू असेल तर नको.

पहिल्या खेपेला हार्ड निवडा. सोप्या पातळ्यांवर एलियन इतका ढिला पडतो की वर लिहिलेलं निम्मं लागूच होत नाही. नाइटमेअर ही नंतर जोडलेली पातळी. तिथे ट्रॅकरचा पडदा बिघडलेला, नकाशा नाही, सामान तुटपुंजं. दुसऱ्या खेपेसाठी ती राखून ठेवा. आणि मूळ चित्रपटावर जीव असेल तर 'क्रू एक्सपेंडेबल' हा जोडभाग सोडू नका: नोस्ट्रोमोवरच घडतो, सिगर्नी वीव्हरसह बहुतेक मूळ नटांचे आवाज आहेत, आणि एका बैठकीत संपतो. स्विच आणि मोबाइल आवृत्तीत तो आधीपासूनच आहे.